जळत्या बोटीची गेम

माझ्या भावाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. कल्याणच्या खाडीकाठी एरवी कावळ्यांना काय तोटा! आमच्या आधी ज्यांचे विधी झाले त्यांच्या पिंडावर तर गुरुजींनी हात मागे घ्यायच्या आत झडप पडली. आमचा पिंड मात्र तसाच पडून. भाताचा गोळा, वर दही, बाजूला त्याला आवडायचे म्हणून आणलेले बटाटेवडे, आणि आम्ही सगळे जरा लांब हात जोडून, माना वर करून उभे. कावळे पत्र्यावर बसून बघत होते, पण खाली येत नव्हते.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला पुरेसं ऐकवलंही जातं. बायकांनी घाटावर जायचं नसतं, तरी मी गेले. भावाला मूलबाळ नाही, विधी चुलतभाऊ करत होता; रक्ताचं सख्खं म्हणून कुणीतरी तिथं असावं, इतकंच माझं म्हणणं. भावजयीलाही चल म्हटलं होतं. ती काही बोलण्याआधी मामाच म्हणाले, "तिला कशाला ओढतेस तिकडे? आणि आईजवळ कोण बसेल?" भावजय मान खाली घालून आत गेली.

कावळा येईना तेव्हा नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, ती ओळखायची आणि पुरी करू असा शब्द द्यायचा, म्हणजे कावळा येतो. मामा पुढे झाले. "आईची काळजी करू नकोस रे बाळा. आम्ही आहोत." कावळे जागचे हलले नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, "काकूला काही कमी पडू देणार नाही मी. प्रॉमिस." तरी नाही. मग मला ढकललं पुढे. मीही म्हणाले, आईला मी बघेन. नात्यातल्या आणखी एकाने आईच्या औषधपाण्याचं सांगितलं. आई, आई आणि आई. भावजयीचं नाव कुणी घेतलं नाही. ऊन चढत होतं, गुरुजींचे पुढचे यजमान टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत होते, आणि गुरुजी आपले, "आठवा, अजून काही राहिलं असेल, नीट आठवा."

माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हणाले, "त्याची ती बोटीची गेम राहिली असेल संपवायची! संपवते म्हणावं मी!"

आणि एक कावळा खाली आला. पत्रावळीपासून हातभर अंतरावर उतरला, मान वाकडी करून पिंडाकडे बघितलं, दोन उड्या मारत जवळ गेला. तेवढ्यात चुलतभावाच्या खिशातला फोन वाजला आणि कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि आम्हाला मोकळं केलं.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण मामांच्या पोटात काही राहत नाही. डोंबिवलीला घरी आल्यावर पायावर पाणी घ्यायच्या आधी त्यांनी आईला सांगितलं, "गेमचं नाव काढल्याबरोबर खाली आला बघ. इतका वेळ ढिम्म होता." आई भिंतीला टेकून बसली होती. ऐकल्यावर ती ताठ झाली. "कुठली गेम? ती टीव्हीवरची?" मामा हो म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू शब्द दिलास त्याला?"

त्या गेमचं सांगायला हवं. आम्ही शाळेत होतो तेव्हा एक इंग्रजी सिनेमा हिंदीतून आलेला, भर समुद्रात पेटलेल्या बोटीचा. गावभर त्याचंच वेड होतं. वडिलांनी आम्हा सगळ्यांना थिएटरात नेलं. शेवटी कॅप्टन एकेका उतारूला होड्यांत उतरवतो आणि स्वतः बोटीबरोबर बुडतो. भाऊ असा रडायला लागला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तो का नाही उतरला? जागा होती ना होडीत!" वडिलांनी समजूत काढली, की कॅप्टनने सगळ्यात शेवटी उतरायचं असतं. भावाला ते काही पटलं नाही. घरी येईपर्यंत तो तेच विचारत होता.

पुढे तो टायफॉइडमधून उठला तेव्हा वडिलांनी कल्याणच्या बाजारातून टीव्हीवर खेळायची गेम आणली, त्याबरोबर पिवळ्या रंगाच्या दोनतीन कॅसेटी. त्यातली एक त्या सिनेमावरून काढलेली. वर कॅप्टनचं चित्र होतं, पण सिनेमातल्या नटाशी त्याचा काही संबंध नव्हता, मिशा वगैरे होत्या. गेममधला कॅप्टन म्हणजे अंगठ्याएवढा, पांढऱ्या टोपीचा. खालून पाणी चढत येतं, वरून आग उतरते, आणि मधल्या मजल्यांवरच्या माणसांना त्याने उचलून होडीपर्यंत न्यायचं. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. आम्ही दोघं वाटून खेळायचो. मी पटकन मरायचे आणि रिमोट आपटायचे. तो चिकाटीचा. पण शेवटापर्यंत तोही कधी पोचला नाही. कारण ती गेम मध्येच थांबवून ठेवता यायची नाही. बंद केली की सगळं गेलं, उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडे कधी जेवायची हाक यायची, कधी पाहुणे यायचे. शुक्रवारी तर प्रश्नच नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी, म्हणून त्या दिवशी आमच्याकडची लाइट सकाळपासून गायब. "शेवटी कॅप्टन उतरतो की नाही ते बघायचंय एकदा," असं तो म्हणायचा.

मग आम्ही मोठे झालो. माझं लग्न झालं, मी ठाण्याला वर्तकनगरात आले, बँकेत लागले. वडील गेले. भाऊ मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर झाला. कापडाचे रंग बनवणारी कंपनी. त्याच्या नखांच्या कडा कायम निळ्या किंवा तांबड्या असायच्या, आणि त्यावरून आठवड्यात कुठला माल चाललाय ते कळायचं. तब्बल वीसेक वर्षं त्याने तिथं काढली. मग कंपनी गुजरातेत गेली. जुन्या ऑपरेटरांना त्यांनी विचारलं होतं, येताय का, राहायला खोली देऊ. काही जण गेले. भाऊ गेला नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "नाही गं ताई, आईला टाकून कुठं जाऊ? बघू इथंच काहीतरी." मला तेव्हा तो शहाण्यासारखा वागला असंच वाटलं. आईनेही मला अभिमानाने सांगितलं, की बघ, माझा लेक कसा आहे.

इथं ते 'काहीतरी' मिळालं नाही. चाळिशी ओलांडलेल्या, हाताला रंग लागलेल्या माणसाला कोण घेतं? सुरुवातीला तो रोज शर्ट घालून बाहेर पडायचा. पुढे आठवड्यातून दोनदा. मग पडेनासा झाला. भावजय एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, सकाळी जाते आणि दुपारी येते. तिच्यावर घर चालायला लागलं. आणि एक दिवस भावाने माळ्यावरून ती गेम काढली. तिच्यासाठी जुना डबा टीव्ही दुरुस्त करून घेतला, कारण नव्या टीव्हीला ती वायर लागेना. मी गेले की तो हॉलमध्ये खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसलेला असायचा. मला चीड यायची. अरे, बाप्या माणूस तू! एकदा मी कुचकटपणे विचारलंही, "काय रे, संपली का तुझी बोट?" तो हसला. "ताई, ती संपते का कधी!"

त्याच खुर्चीत तो गेला. दुपारी, हार्ट अटॅक. आई आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपली होती, तिचे कानही अधू आहेत. भावजय दवाखान्यातून आली तेव्हा टीव्ही चालू होता, कॅप्टन अर्ध्या बोटीत उभा होता आणि पाणी त्याच्या टोपीपर्यंत आलं होतं, असं ती मला म्हणाली. आधी तिला वाटलं, तो खेळता खेळता पेंगला आहे.

तर आईने हे सगळं जुळवलं. खेळ अर्धा राहिला आणि तो गेला. लहानपणापासून शेवट बघायची इच्छा, ती राहिली. म्हणून कावळा शिवला नाही, म्हणून गेमचं नाव काढल्यावर खाली आला आणि शब्द पाळला जातो का हे बघायला वर जाऊन बसला. मी परोपरीने सांगितलं, की अगं, कावळ्याला गेम कळते का? फोन वाजला म्हणून उडाला तो. आई म्हणाली, "तुला नाही कळायचं." आणि तिने जेवण सोडलं. उपास म्हणून जाहीर वगैरे केला नाही, नुसतं ताट बाजूला सारायला लागली. चहा, पेज, कधी अर्धी पोळी. "तो तिकडे उपाशी लटकलाय, माझ्या घशाखाली उतरत नाही." तिला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर त्या फार दिवस काढायच्या नाहीत. त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले, संपवते तुझी गेम.

पहिल्यांदा मी शुक्रवारी गेले, रजा टाकून. शुक्रवारी! लग्न होऊन ठाण्याला गेलं की माणूस डोंबिवलीचा शुक्रवार विसरतं. पोचले तर पंखा बंद, टीव्ही बंद, आणि आई खुर्ची मांडून, नीटनेटकी साडी नेसून वाट बघत बसलेली. आम्ही दोघी काळ्या टीव्हीसमोर दुपारभर बसलो. लाइट येईपर्यंत माझी परत निघायची वेळ झाली.

मग रविवार धरले. पन्नाशीची बाई मी, चष्मा कपाळावर चढवून त्या एवढ्याशा रिमोटशी झटत होते. पहिल्या मजल्यावरच बुडायचे. अंगठे दुखायचे. मी त्या आगीला, त्या पाण्याला, गेम बनवणाऱ्याला आणि मनातल्या मनात भावालाही शिव्या घालत होते. आई खुर्चीत पुढे वाकून बघायची. तिला आधी काही समजायचं नाही, सगळी माणसं सारखीच दिसायची. हळूहळू समजायला लागलं. "ती चौकड्याच्या झग्यातली राहिली बघ. अगं, मागं! मागं धूर आला!" तिचा आवाज चढला की मला बरं वाटायचं. एखादा टप्पा पुढे गेले की त्या दिवशी ती दोन घास जास्त खायची. भावजय ताट घेऊन उभीच असायची, आई हो म्हणते का बघत. मला वाटायचं, ही गेम संपवली की आई जगेल. खरंच तसं वाटायचं, मानत नसले तरी.

भावजय मात्र कधी खेळ बघायला बसली नाही. ती आत काहीतरी निवडत, घासत, पुसत असायची. एकदा मी म्हटलं, "अगं, बस ना जरा." ती म्हणाली, "नको ताई, मला त्याचा आवाज नको होतो." मला ते समजण्यासारखं वाटलं.

असे बरेच रविवार गेले. आणि एका रविवारी मी शेवटच्या मजल्यावर पोचले. तिथं बोट तिरकी झालेली असते, कॅप्टन चालता चालता घसरतो. दोनच माणसं राहिली होती. आईने माझा दंड धरला होता, मला रिमोट नीट दाबता येत नव्हता, पण सोड म्हणवेना. एक नेली. दुसरा, काठी टेकणारा म्हातारा, त्याला उचललं तेव्हा आग त्याच्या अगदी पाठीशी होती. पायऱ्या, दोर, होडी. म्हातारा उतरला. आणि मग काहीही न दाबता कॅप्टनने आपण होऊन उडी मारली, होडीत.

काळं आकाश, एका रांगेत होड्या, सगळ्यात शेवटच्या होडीत पांढरी टोपी. वर इंग्रजीत अभिनंदन, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. आणि एक लहानशी धून वाजायला लागली, पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी. मी किंचाळले. "उतरला गं आई! उतरला!" माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षांपूर्वीचं ते रडणारं पोर डोळ्यांसमोर आलं आणि त्याला सांगावंसं वाटलं, की बघ, होती जागा होडीत. आईने हात जोडले. "सुटला," ती म्हणाली. "सुटला माझा बाळ."

धून थांबली. पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. पहिला मजला. धडधाकट बोट, सगळी माणसं आपापल्या जागी, चौकड्याचा झगा, काठीवाला म्हातारा, आणि खालच्या कोपऱ्यातून पाणी यायला सुरुवात.

आई बघत राहिली. "ही परत आत कशी गेली?"

"गेम आहे आई ती. संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते."

तेवढ्यात भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पदराला पुसत म्हणाली, "आधण ठेवलंय. आलं घालू ना?"

"अगं, आत्ता तर झाला चहा," मी म्हणाले.

ती गोंधळली. टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते वाजलं ना… सवयीने ठेवलं गेलं. ह्यांचं संपलं की हे वाजायचं, तेव्हा मी आधण ठेवायचे."

"म्हणजे? तो पोचायचा इथपर्यंत?"

"हो. मी कामावरून यायचे, कपडे बदलायचे, तोपर्यंत वाजायचंच. जवळजवळ रोज."

मी भडकले, माझा स्वभावच तो. "आणि हे तू मला आज सांगतेस? इतके रविवार मी इथं येऊन अंगठे झिजवतेय!"

"तुम्ही येत होता म्हणून आई चार घास जास्त खायच्या, ताई." ती शांतपणे म्हणाली. "मी कशाला बोलू?"

टीव्हीवर पाणी चढत होतं. मी रिमोट खाली ठेवला होता, कॅप्टन तसाच उभा. आईच्या अधू कानांना हे ऐकू गेलं नसेल, अशी मला आशा होती. पण तिने सगळं ऐकलं होतं. ती मागे टेकली.

"म्हणजे राहिलेली इच्छा ही नव्हती," ती म्हणाली. "ही असावी असं फार वाटत होतं गं मला. रोज देवापुढे हात जोडत होते, की हीच असू दे. दुसरं नको असू दे."

"दुसरं काय?"

आईने भावजयीकडे बघितलं. भावजय दाराला धरून उभी होती, जमिनीकडे बघत.

"त्याला जायचं होतं," आई म्हणाली. "कंपनीबरोबर. दोघांचं ठरलं होतं. तो तिकडे जाऊन खोली बघून आलेला. हिने दवाखान्यात सांगितलं पण होतं, की सोडते म्हणून. मला म्हणाला, आई, तू ताईकडे राहा थोडे दिवस, मग नेतो तुलाही. मी… मी त्याच्या पाया पडले."

"काय?"

"पाया पडले. इथंच. वाकून त्याचे दोन्ही पाय धरले. म्हटलं, मला टाकून जाऊ नकोस. त्याने मला उठवलं. पांढराफटक पडलेला. पुन्हा कधीच बोलला नाही त्याबद्दल."

आमच्यात लेकरं आईच्या पाया पडतात. परीक्षेला जाताना, नोकरीला लागल्यावर, सणावाराला. आईने लेकाच्या पाया पडणं म्हणजे त्याच्या डोक्यावर असं ओझं ठेवणं, की ते घेऊन त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये. हे आईला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती वाकली. मला तिचा राग आला. दया यायला हवी होती, ती नंतर आली, पण आधी नुसता रागच आला. तिने पुढे केलेला हात मी धरला नाही.

मग मला घाट दिसला. एकामागून एक पुढे होऊन आम्ही त्याला काय सांगत होतो? आईची काळजी करू नकोस. आईला काही कमी पडू देणार नाही. आईला मी बघेन. मी कावळे मानत नाही. पण माझ्या अंगावर काटा आला तो अजून जात नाही.

"तू होतीस तेव्हा?" मी भावजयीला विचारलं. तिने मान हलवली. ती होती, याच दारात. तिचंही ठरलेलं गाव, ठरलेली खोली तिने त्या दिवशी इथूनच हातची जाताना बघितली होती. नंतर रोज कामावरून आल्यावर ती धून ऐकून तिने चहा केला होता, आणि दोघांनी तो पिऊन टाकला होता.

आई उठली. तिला उठायला आधार लागतो, पण मी पुढे व्हायच्या आत ती भिंत धरून गॅलरीत गेली. बाहेर दुपारचं ऊन होतं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. कावळा, चिमणी, काही नव्हतं. आईने गॅलरीचा गज धरला आणि म्हणाली, "जा बाळा. ये म्हणत नाही. जा."

एवढंच. मग ती आत आली आणि भावजयीसमोर उभी राहिली. "मला वाढ," ती म्हणाली. "पोटभर वाढ. आणि मग तूही जा. माहेरी जा, तिकडे गुजरातेत ओळखीचं कुणी असेल तर तिकडे जा, नोकरी बघ. मी हिच्याकडे राहीन."

भावजय म्हणाली, "आई, मी कुठं…"

"जा म्हणते ना. मी पाया पडणार नाही तुझ्या."

भावजयीने ताट वाढलं. आई सगळं जेवली, भात मागून घेतला. भावजय समोर पाटावर बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. मी टीव्ही बंद केला.

आई आता माझ्याकडे असते. जेवते, औषधं घेते, टीव्हीवर काही लागलं तर बघते. भावजय दोनेक महिन्यांनी गेली. ज्या कंपनीत भाऊ जाणार होता तिच्याच गावी, एका दवाखान्यात तिला काम मिळालं. ओळख भावाच्या जुन्या सोबत्याच्या बायकोची. जायच्या दिवशी ती वर्तकनगरला आली, हातात एकच बॅग. आईला म्हणाली, निघते. आणि पाया पडायला वाकली. आईने दोन्ही पाय खुर्चीखाली आखडून घेतले.